वगैरे वगैरे : तीन टिंबांचा इतिहास

अमेरिकेतल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळाच्या समितीवर एक वर्ष काढलेल्या माणसाला विचारा, गणेशोत्सवातलं सगळ्यात अवघड काम कोणतं? तो ढोल-ताशा म्हणणार नाही, हॉलचं बुकिंग म्हणणार नाही. "जेवायला नक्की किती माणसं येणार हे कळणं," असंच उत्तर येईल. फॉर्मवर 'दोन मोठे, एक लहान' लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात भारतातून आलेले आई-वडील, शेजारचं नवीन लग्न झालेलं जोडपं आणि मुलाचा रूममेट असे सगळे दारात उभे असतात. आणि आपण काही कोणाला परत पाठवत नाही.

संगणकाच्या प्रोग्रॅमिंगलाही हाच प्रश्न गेली जवळजवळ सत्तर वर्षं पडलेला आहे. त्याची गोष्ट बरीचशी अमेरिकेत घडली आणि तिचा मुख्य अंक तर न्यू जर्सीत, एडिसनच्या आपल्या वाणसामानाच्या दुकानांपासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. आपल्यात संगणकवाले इतके, की हॉलमध्ये लाडू फेकला तर तो एखाद्या प्रोग्रॅमरलाच लागेल. पण ही गोष्ट त्यांच्यातल्याही थोड्यांनाच माहीत असते. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांनीही पान उलटू नये. जेवणाच्या पंगतीची कल्पना असली की पुरे.

आधी दोन शब्द. प्रोग्रॅममध्ये 'फंक्शन' म्हणजे एक ठरावीक काम करणारा आज्ञाधारक गडी. त्याला हाक मारताना काही वस्तू हातात द्यायच्या असतात, त्यांना 'आर्ग्युमेंट' म्हणतात. (हे आर्ग्युमेंट नवरा-बायकोतलं नव्हे.) वर्गमूळ काढणाऱ्या गड्याला एक आकडा पुरतो, भागाकार करणाऱ्याला दोन लागतात. पण 'यातला सगळ्यात मोठा कोणता' हे सांगणाऱ्याला किती आकडे द्यायचे? दोन? सात? की देणाऱ्याच्या मनाला येईल तितके? माणसाला हा प्रश्नच पडत नाही. आजीला भाजीची यादी सांगताना आपण "बटाटे, कांदे, वांगी वगैरे" म्हणतो आणि तिला ते बरोबर कळतं. संगणकाला 'वगैरे' कसं कळवायचं, एवढाच काय तो सगळा इतिहास.

पहिलं उत्तर फोर्ट्रानचं. जॉन बॅकस आणि त्यांच्या आयबीएममधल्या सहकाऱ्यांनी १९५७ साली ७०४ या यंत्रासाठी ती भाषा बाहेर आणली. तिच्यात सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान संख्या शोधणारी फंक्शनं तयार मिळत होती आणि माहितीपत्रकात त्यांच्यापुढे आर्ग्युमेंटांची संख्या 'दोन किंवा अधिक' अशी छापलेली होती. मात्र हे फक्त घरच्या फंक्शनांना. तुम्ही स्वतः लिहिलेल्या फंक्शनला अशी सवलत नाही. कंपायलर, म्हणजे आपला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, या मोजक्या नावांना ओळखत होता आणि त्यांच्यासाठी वेगळा रस्ता काढून देत होता.

त्याच सुमारास, १९५८ पासून, एमआयटीत जॉन मॅकार्थी लिस्प नावाची अगदी निराळ्या वळणाची भाषा घडवत होते. लिस्पमध्ये सगळंच यादी. फंक्शनला हाक मारायची तीही एक यादीच, कंसात घातलेली. मग बेरजेला दोन आकडे द्या नाहीतर वीस, कंस मिटला की यादी संपली. या कुळातल्या पुढच्या भाषांत तर बेरजेला एकही आकडा दिला नाही तरी ती रुसत नाही, शून्य असं उत्तर देते. गुणाकाराला काहीच दिलं नाही तर एक. मला हे फार आवडतं. पंगतीला कोणीच आलं नाही तरी यजमानाच्या चेहऱ्यावरची रेष हलू नये, तसं आहे हे.

पण लिस्प ही प्रयोगशाळेतली भाषा राहिली. माझ्या पिढीने इंजिनिअरिंग कॉलेजात शिकली ती पास्कल. झुरिकच्या निकलाउस विर्थ यांनी १९७० मध्ये ती शिकवण्यासाठीच बनवली होती आणि शिस्त म्हणजे काय ते तिच्याकडून शिकावं. फंक्शनला तीन वस्तू लागतात असं सांगितलं की तीनच द्यायच्या, त्याही ठरलेल्या प्रकारच्या. चौथी दिली तर कंपायलर तिथेच दार लावून घेतो. यातून सूट होती ती पडद्यावर छापणाऱ्या 'राइटएलएन'सारख्या घरच्याच गड्याला. त्याला आकडा, अक्षर, शब्द, काहीही आणि कितीही द्या. पुण्यात कॉलेजात असताना मी सरांना विचारलं होतं, "सर, असं राइटएलएन आपल्याला स्वतःला लिहिता येईल का?" सर म्हणाले, "नाही. तो राजाचा माणूस आहे." उत्तर अगदी नेमकं होतं. ते फंक्शन पास्कलमध्ये लिहिलेलं नव्हतंच, लिहिता येण्यासारखंही नव्हतं. कंपायलरने ती सोय स्वतःकडे राखून ठेवली होती. भाषेने स्वतःला जे हक्क घेतले ते तुम्हाला दिले नाहीत. पास्कलमध्ये रचनेची, म्हणजे ॲरेची, लांबीसुद्धा तिच्या प्रकाराचाच भाग होती, त्यामुळे दहा आकड्यांसाठी लिहिलेलं फंक्शन वीस आकड्यांना चालत नसे. ब्रायन कर्निगन यांनी १९८१ साली पास्कल आपल्या आवडीची का नाही यावर एक निबंध लिहिला, त्यात याच गोष्टीवर त्यांनी सगळ्यात जास्त राग काढला आहे.

हे कर्निगन मरे हिलचे. न्यू जर्सीतल्या मरे हिलच्या बेल लॅब्जमध्ये साठ-सत्तरच्या दशकात जे चाललं होतं, तिथे आपली गोष्ट खरी रंगते.

मार्टिन रिचर्ड्स हे केंब्रिजचे इंग्रज गृहस्थ १९६० च्या दशकाच्या मध्यावर एमआयटीत आलेले असताना त्यांनी बीसीपीएल ही भाषा रचली. तिच्यावरून बेल लॅब्जच्या केन टॉम्प्सन यांनी 'बी' केली आणि बी वरून डेनिस रिची यांनी 'सी'. बीमध्ये प्रकार वगैरे भानगड नव्हती. सगळ्या वस्तू यंत्राच्या एका शब्दाएवढ्या, सगळ्यांची ताटं सारखी. १९७२ च्या बी भाषेच्या माहितीपुस्तिकेत 'प्रिंटएफ'चा पूर्ण मजकूर दिलेला आहे. आज जगभर ओळखलं जाणारं तेच हे नाव. त्यात पहिलं आर्ग्युमेंट म्हणजे छापायच्या मजकुराचा साचा आणि त्याच्यापुढे एक्स-एक, एक्स-दोन असं करत एक्स-नऊपर्यंत नऊ खुर्च्या मांडलेल्या. बसायला तीनच आले तर उरलेल्या सहा रिकाम्या. कोणी विचारत नाही. आत मात्र प्रोग्रॅम एक्स-एकचा मेमरीतला पत्ता घेतो आणि तिथून एकेक पाऊल पुढे सरकत जातो. नावं नुसती शोभेची.

सीमध्ये हाच मार्ग राहिला आणि तो कसा चालायचा हे समजायला आपली पंगत उपयोगी पडते. वाढप्याला पंगत कुठे संपते हे तीन प्रकारे कळू शकतं. एक, आधीच सांगून ठेवायचं, "चाळीस पानं आहेत." दोन, शेवटच्या पानापाशी एक खूण ठेवायची, ती दिसली की थांब. युनिक्समध्ये दुसरा प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या एका फंक्शनला असंच शेवटी शून्य द्यावं लागतं. आणि तीन, वाढप्याच्या हातात एक चिठ्ठी द्यायची: पहिल्याला पुरी, दुसऱ्याला भात, तिसऱ्याला उपासाचं. चिठ्ठी संपली की पंगत संपली. प्रिंटएफ हे तिसऱ्या प्रकारचं. साच्यात टक्क्याचं चिन्ह आणि एक अक्षर आलं, की त्याचा अर्थ 'इथे पुढचा पाहुणा, तो अमुक प्रकारचा आहे'.

त्या काळच्या पीडीपी-११ यंत्रावर आर्ग्युमेंटं मेमरीत एकावर एक रचून ठेवली जात. सीचा कंपायलर ती उलट क्रमाने, शेवटचं आधी, रचत असे. त्यामुळे मागे कितीही माणसं असोत, पहिलं आर्ग्युमेंट, म्हणजे चिठ्ठी, नेहमी हाताशी. आणि ज्याने पानं मांडली त्यानेच ती उचलायची, असा नियम. कारण किती मांडली हे त्यालाच माहीत. विंडोजच्या सुरुवातीच्या काळात ज्यांनी प्रोग्रॅम लिहिले त्यांना आठवत असेल, की तिथली बहुतेक फंक्शनं पास्कलच्या पद्धतीची होती, पानं वाढप्याने उचलायची. फक्त 'डब्ल्यूएसप्रिंटएफ'ला सीच्या पद्धतीने वागवावं लागे. कितीही पाहुणे घेणाऱ्याला दुसरा इलाजच नव्हता.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सीमधलं प्रिंटएफ राजाचा माणूस नव्हतं. ते सीमध्येच लिहिलेलं साधं फंक्शन होतं आणि तसं दुसरं तुम्हीही लिहू शकत होता. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' किंवा कर्निगन आणि रिची यांच्या पुस्तकाची पिवळी पडलेली भारतीय आवृत्ती घेऊन ज्यांनी सी शिकली, त्यांना पास्कलनंतर हा मोकळेपणा चांगलाच जाणवला असेल. मला तरी जाणवला होता. वाड्यातून एकदम मैदानात आल्यासारखं.

मैदानात मात्र कुंपण नव्हतं. किती आले हे वाढप्याला कळायला मार्गच नाही. चिठ्ठीत पाच नावं आणि पंगतीला तीनच माणसं, तर वाढपी चौथ्या-पाचव्या जागेवर जे काही पडलेलं असेल त्याला माणूस समजून वाढतो. जुन्या काही युनिक्स यंत्रणांमध्ये 'एनआर्ग्ज' नावाचं एक फंक्शन होतं, ते आलेल्यांची संख्या सांगायचं म्हणे. प्रत्यक्षात ते मेमरीतले शब्द मोजायचं, आर्ग्युमेंटं नव्हे. दशांश अपूर्णांक पीडीपी-११ वर चार शब्दांची जागा घेई, म्हणजे एक धिप्पाड पाहुणा चार धरला जायचा. माणसं मोजायच्या ऐवजी खुर्च्या मोजल्यावर दुसरं काय होणार?

कर्निगन आणि रिची यांनी १९७८ च्या पहिल्या आवृत्तीत हे सरळ कबूल केलेलं आहे. कितीही आकड्यांतला सगळ्यात मोठा शोधणारं फंक्शन, जे फोर्ट्रान आणि पीएल-वन यांच्यात मिळतं, ते कुठल्याही यंत्रावर चालेल अशा रीतीने सीमध्ये लिहिता येत नाही, असं ते म्हणतात. स्वतःच्या भाषेबद्दल इतकं स्पष्ट लिहिणारे लेखक विरळाच.

पुढे १९८० च्या दशकात नव्या घडणीची यंत्रं आली. ती पहिली काही आर्ग्युमेंटं मेमरीत न ठेवता रजिस्टरांत, म्हणजे प्रोसेसरच्या खिशात, ठेवू लागली. आता पत्ता धरून एकेक पाऊल पुढे सरकायचं तर सरकणार कुठे? चालताना रस्ताच संपायचा. १९८३ मध्ये बसलेल्या अमेरिकन प्रमाणीकरण समितीने १९८९ च्या प्रमाणित सीमध्ये यावर तोडगा दिला: पुढचं आर्ग्युमेंट कसं काढायचं हे ज्या त्या यंत्राच्या कंपायलरने पाहायचं, प्रोग्रॅमरने फक्त 'पुढचा, पूर्णांक' एवढं म्हणायचं. आणि फंक्शनच्या माथ्यावर 'यापुढे कितीही येऊ शकतात' असं जाहीर करण्यासाठी तीन टिंबं द्यायची. ती टिंबं बियार्न स्ट्राउस्ट्रुप यांच्या सी प्लस प्लसमधून उचललेली. तेही मरे हिललाच. म्हणजे 'वगैरे'ला अखेर अधिकृत चिन्ह मिळालं. अट एकच, टिंबांच्या आधी निदान एक नाव असलेलं आर्ग्युमेंट हवं. सगळेच 'वगैरे' असून चालणार नाही.

किती आले हे मात्र अजूनही कोणी सांगत नव्हतं.

या त्रुटीची किंमत जगाला २००० साली मोजावी लागली. आपल्यापैकी कितीतरी जण वायटूकेच्या लाटेवर इथे आले. मी १९९७ मध्ये आलो. ३१ डिसेंबर १९९९ ची रात्र सुरळीत पार पडली आणि मार्चपासून कंत्राटं आटू लागली. एच-वनवर 'बेंच'वर बसणं म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. पगार थांबतो, घरी फोनवर "सगळं छान आहे" म्हणायचं असतं आणि कपाटातल्या सूटकेसवर नजर जात राहते. आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये त्या उन्हाळ्यात संध्याकाळी चालायला निघालेले सगळे मराठी बाप्ये एकच विषय बोलत.

जून २००० मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जन्मलेल्या, फायली देण्या-घेण्याच्या एका सर्व्हरमधलं भोक जाहीर झालं. जगभरच्या असंख्य यंत्रांवर तो चालत असे. बाहेरून आलेला मजकूर त्या प्रोग्रॅमने प्रिंटएफच्या भावंडाला सरळ चिठ्ठी म्हणूनच दिला होता. पाहुण्याने स्वतःच चिठ्ठी लिहून वाढप्याच्या हातात ठेवण्यासारखं हे. पाहुण्याने टक्क्याची चिन्हं भरमसाट लिहिली की वाढपी पंगत संपून गेली तरी पुढे चालत राहतो आणि मेमरीत जे काही दिसेल ते ओरडून सांगतो. याहून वाईट म्हणजे टक्का आणि 'एन' या जोडीचा अर्थ 'आतापर्यंत किती अक्षरं छापली तो आकडा या पत्त्यावर लिहून ठेव' असा आहे. वाचणाऱ्याला लिहिताही येऊ लागलं की यंत्राच्या किल्ल्या त्याच्याच हातात. नाव-गाव न सांगता आलेला पाहुणासुद्धा त्या सर्व्हरचा मालक होऊ शकत होता. मग लोक शोधू लागले आणि त्याच जातीची भोकं एकामागून एक प्रोग्रॅममध्ये सापडू लागली.

माझ्यापुरतं सांगायचं तर या भोकाने माझा बेंच संपवला. एका मोठ्या विमा कंपनीला तिचा सगळा जुना सीमधला मजकूर तपासून हवा होता. आम्ही चौघे, त्यांत दोघे मराठी, तीन महिने एकच काम करत होतो: प्रिंटएफ आणि त्याच्या भावंडांना जिथे जिथे हाक मारली आहे ती प्रत्येक ओळ काढायची आणि पहिलं आर्ग्युमेंट आपल्या हातचं आहे की बाहेरून आलेलं, ते पाहायचं. दुरुस्ती म्हणाल तर पाच-सहा अक्षरांची. साच्याच्या जागी 'टक्का-एस' लिहायचं आणि बाहेरचा मजकूर त्याच्या मागे बसवायचा. ओळी मात्र हजारो. त्या कामावर माझ्या ग्रीन कार्डचा अर्ज तरला, तेव्हा या विषयात मी अगदी तटस्थ आहे असं समजू नका.

जावाने या सगळ्यापासून धडा घेतला आणि जरा जास्तच घेतला. १९९५ मध्ये आलेल्या जावात कितीही आर्ग्युमेंटांची सोयच नव्हती. वस्तू आधी एका ॲरेत भरायच्या आणि मग तो डबा द्यायचा, असं नऊ वर्षं चाललं. ३० सप्टेंबर २००४ ला पाचवी आवृत्ती आली आणि तीन टिंबं जावातही आली, सोबत प्रिंटएफही. फरक एवढाच, की डबा कंपायलर स्वतः भरतो आणि डब्यावर आत किती आहेत ते लिहिलेलं असतं. वाढप्याला पहिल्यांदाच खरी संख्या कळली.

डबा भरायलाही थोडा वेळ लागतोच. २०१७ च्या नवव्या आवृत्तीत जावाने छोटी यादी करून देणारं एक फंक्शन दिलं. त्याची रूपं पाहिली तर शून्य आर्ग्युमेंटांचं एक, एकाचं एक, दोनाचं एक असं करत दहापर्यंत वेगवेगळी लिहून ठेवलेली आहेत आणि त्यापुढे तीन टिंबं. का, तर बहुतेक वेळा दहाच्या आतच माणसं येतात. त्यांच्यासाठी डब्याचा खर्च नको. टॉम्प्सनच्या नऊ खुर्च्या पंचेचाळीस वर्षांनी एक वाढवून परत मांडल्या, असं मला तरी वाटलं.

आमची मुलगी कॉलेजात पायथन शिकली. तिच्या भाषेत एक तारा लावला की कितीही आर्ग्युमेंटं येतात, त्यांची संख्याही कळते, आणि ती म्हणते, "बाबा, यात एवढं काय आहे?" तिचं खरं आहे. रस्टसारख्या नव्या भाषेने तर असं फंक्शन लिहायची सोयच ठेवलेली नाही. छापायचं काम तिथे मॅक्रो करतो आणि चिठ्ठी व पंगत यांचा ताळमेळ कंपायलर आधीच तपासतो.

पण जुनं घर इतक्या सहज रिकामं होत नाही. जून २०२१ मध्ये कोणीतरी आपल्या वायफायचं नाव टक्का-पी, चारदा टक्का-एस आणि टक्का-एन असं ठेवलं आणि त्याला आपला आयफोन जोडला. फोनचं वायफाय बंद पडलं आणि फोन पुन्हा चालू करूनही सुरू होईना. नेटवर्कची सगळी मांडणी पुसून टाकावी लागली. पाहुण्याने लिहिलेली चिठ्ठी, तीच आणि तशीच, एकवीस वर्षांनंतर. ॲपलने पुढच्याच महिन्यात दुरुस्ती दिली.

डेनिस रिची १२ ऑक्टोबर २०११ ला गेले, विर्थ १ जानेवारी २०२४ ला. मरे हिलची ती जागा सोडून न्यू ब्रन्सविकला नव्या इमारतीत जाणार असल्याचं बेल लॅब्जची आताची मालक नोकिया हिने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. सी भाषेचं नवं प्रमाण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात टिंबांच्या आधी एक तरी नाव हवं ही जुनी अट काढून टाकली आहे. आता नुसती तीन टिंबं चालतात. तरीही आत आलेल्या फंक्शनला किती आर्ग्युमेंटं आली हे विचारायची सोय त्यात नाही. १९५७ च्या फोर्ट्रानमध्ये जे 'सगळ्यात मोठा कोणता' मिळत होतं, ते सीमध्ये टिंबांच्या भरवशावर लिहायचं, तर एकूण किती आकडे आहेत हे आजही हाक मारणाऱ्यालाच सांगावं लागतं.